हातभर अंतर

४ मार्च

छोटे,

तुला आणि पोटातल्याला खूप खूप आशीर्वाद.

काल घरी आले. ऑपरेशन नीट झालं असं सर्जन म्हणतात. ते फार बोलत नाहीत, पण टाके बघताना हळू आवाजात शिट्टी वाजवत होते, त्यावरून मी अंदाज बांधला. डाव्या छातीखाली मागच्या वेळी जिथून गाठ काढली होती, तिथेच ती परत उगवली होती, आणि या खेपेला पार बरगड्यांना चिकटून. खरवडून काढली. पण आणखी कापायला तिथे जागाच नाही, आणि बाहेरून किरण द्यावेत तर ते मागेच देऊन झालेत. त्याच जागी पुन्हा दिले तर कातडी टिकणार नाही म्हणे.

मग त्यांनी काय केलं ऐक. गाठ निघाली तो जो खड्डा झाला, त्याच्या तळाला एक पातळ जाळी शिवून टाकली. पोस्टकार्डापेक्षा लहान. तिच्यात कणीहून बारीक दाणे बसवलेले, आणि त्या दाण्यांमधून किरण निघतात. दाण्यांच्या बाहेरच्या अंगाला सोन्याचा पत्रा असतो, म्हणजे किरण आतच जातात, जिथे गाठीचं काही मागे राहिलं असेल तिकडे. जाळी हळूहळू अंगातच विरघळते. दाण्यांचा जोरही आपोआप उतरत जातो. काढायला परत छातीबीती फाडायची नाही. लग्नानंतर अंगावर सोनं काही टिकलं नाही, आता निदान अंगात तरी आहे.

ह्यांनी ते ऐकलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मग ते सोनं नंतर काढून देतात का?" सर्जन बघतच राहिले.

आता मुद्द्याचं. तू यायचं नाहीस. रडू नकोस, भांडू नकोस. रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पोटुशी बाई आणि लहान मुलं यांनी काही आठवडे माझ्याजवळ बसायचं नाही. इतकी वर्षं वाट बघून तुझी कूस उजवली, ती माझ्या उशाशी बसून धोक्यात घालणार आहेस का? पत्र लिही. माझा फोन नळाखाली पडून बिघडला. पत्र आमच्या बर्फाच्या कारखान्याच्या पत्त्यावर टाक. तिथली वजनकाट्यावरची बाई घरी जाताना आणून देते. आमच्या गल्लीत टपालाचा काही भरवसा नाही.

हेसुद्धा जपून असतात. बाहेरच्या खोलीत झोपतात, माझ्यापासून हातभर लांब राहतात. सासूबाई ताट जमिनीवरून सरकवून देतात. घरात शांतता आहे गं. इतकी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती.

तुझी,
ताई

११ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका बाईचे केस कापत होते. टपालवाल्याने हाक मारली आणि माझी कात्री थोडी जास्तच चालली. बाई रागावल्या नाहीत. मी रडते आहे हे बघून म्हणाल्या, राहू दे, उन्हाळा आहे, आखूडच बरे.

मला राग येतो तुझा. आई गेली तेव्हा मला अंघोळ घालणारी तू, वेणी घालणारी तू, आणि आता तुझी वेळ आली तर मी पार्लरमध्ये उभी राहून परक्या बायकांच्या भुवया कोरते आहे. पण येणार नाही. बाळाचं नाव काढलंस, आणखी काय बोलणार?

एक सांगू? भावोजींबद्दल माझ्या मनात थोडी अढी होती. लग्नात ते माझ्याशी धड बोललेसुद्धा नव्हते, आणि आम्ही आलो की तू सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत असायचीस. पण तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, मीच चुकले. बायकोच्या आजारपणात माणूस स्वतःची खोली सोडून बाहेर झोपतो, डॉक्टरांचा शब्द न शब्द पाळतो, याला काय म्हणायचं? देवमाणूस आहेत भावोजी. त्यांना सांग, मेहुणीने नमस्कार सांगितलाय. बिचारे किती घाबरले असतील. तुझ्याजवळ यावंसं वाटत असेल आणि येता येत नसेल.

आमचे ड्रायव्हरसाहेब बरे आहेत. दर फेरीहून येताना बाळासाठी खुळखुळा आणतात. बाळ यायचंय अजून, आणि घरात पाऊल टाकलं की काहीतरी खुळखुळतं.

डाव्या कुशीवर झोपू नकोस. मला सगळं लिही.

तुझी,
छोटी

१७ मार्च

छोटे,

तुझं पत्र परत परत वाचलं. दर वेळी 'देवमाणूस' या शब्दापाशी येऊन अडखळले. शेवटी कागद घेऊन बसले. आता बोलते. आता बोलायला जीव थोडा मोकळा झालाय.

फोन नळाखाली पडला नव्हता. त्याने तो आधी माझ्या कानावर हाणला आणि मग भिंतीवर. गाठ परत आल्याचं कळलं त्या दिवशी. म्हणाला, "परत खर्च, परत नाटकं." यापुढे मी त्याला 'हे' म्हणणार नाही. तोंडातून निघत नाही.

तू लहान होतीस म्हणून लग्नानंतर तुला काही कळू दिलं नाही. मग सवयच झाली लपवायची. टायरच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचे हात कसे असतात ते तू पाहिलंयस. टायर रिममधून काढायची लोखंडी टॉमी तो एकदा घरी घेऊन आला होता. त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता, एवढंच. माझ्या दोन बरगड्या गेल्या. मी कारखान्यात सांगितलं, बर्फाच्या लादीवरून घसरले. तिथे सगळेच घसरतात, कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी मनगट. नंतर हिशेब ठेवणं सोडून दिलं.

आणि गाठ. छोटे, ती पहिली गाठ हाताला लागली तेव्हा मला वाटलं मारामुळे आलेली सूज आहे. त्या अंगाला सूज नेहमीच असायची. जिरेल, जिरेल करत मी कित्येक महिने काढले. डॉक्टरांकडे गेले तोवर ती हातपाय पसरून बसली होती.

या वेळी स्कॅन बघताना रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "या बरगड्या कधी मोडल्या?" मी म्हटलं, "बर्फावर पडले." त्या म्हणाल्या, "वेगवेगळ्या वेळी मोडल्यात. किती वेळा पडलात?" त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "मी इथेच असते. कधीही या." मग मला घरी काय जपायचं ते समजावलं. तुझ्यासारखीने, लहान मुलांनी लांब राहायचं. बाकी मोठ्या माणसांना काही नाही, नवरा शेजारी बसला तरी चालेल.

तो तेव्हा बाहेर बिडी ओढत होता.

घरी येताना रिक्षात त्याने विचारलं, काय म्हणाली बाई? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "माझ्यापासून हातभर लांब राहायचं. हात लावलात तर आतल्या किरणांनी तुमचं रक्त नासेल. आधी बोटं काळी पडतात म्हणे." तो रिक्षातल्या रिक्षात कडेच्या दांडीला जाऊन चिकटला.

परवा गंमत झाली. चहा गार होता. त्याचा हात उठला, सवयीने. मी या खेपेला डोकं झाकलं नाही. म्हटलं, "मार. पण मग तो हात तुझा राहणार नाही." हात तसाच वर थांबला. मी एक पाऊल पुढे गेले, तो मागे. मी आणखी एक पुढे. तो मागे मागे सरकत कपाटाला टेकला आणि ओरडला, "लांब हो! लांब हो म्हणतो ना!" सासूबाई पीठ मळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण मळायच्या थांबल्या होत्या.

मला किती बरं वाटलं ते तुला लिहायलाही लाज वाटते. मी पायरीवर जाऊन बसले आणि तोंडावर पदर घेऊन हसले. टाके दुखेपर्यंत हसले.

जाळी विरघळेल, दाण्यांचा जोर जाईल, तोवर मला वेळ आहे. वजनकाट्यावरच्या बाईची बहीण एक खोली भाड्याने देते. टाके सुकले की निघणार. कोणाला बोलू नकोस. ड्रायव्हरसाहेबांनाही नको, ते भोळे आहेत.

तुझी,
ताई

१८ मार्च

ताई,

तुझ्या पत्राची वाट बघवेना म्हणून हे लिहिते. एक छान बातमी आहे.

काल तपासणीला गेले होते. माझ्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या जाळीबद्दल विचारलं. त्यांनी माझ्यासमोर मोठ्या हॉस्पिटलात फोन लावून खात्री केली. ताई, भावोजी उगीच घाबरतायत! मोठ्या माणसाला काहीसुद्धा होत नाही. जपायचं ते माझ्यासारखीने आणि तान्ह्या बाळांनी. नवऱ्याने खुशाल हात हातात घेऊन बसावं, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय, किंवा घाबरून तुम्ही चुकीचं ऐकलंत.

मला इतकं वाईट वाटलं. ऐन आजारपणात तुला कोणी जवळ घ्यायला नाही, पाठीवरून हात फिरवायला नाही. आणि ते बिचारे बाहेर तळमळत पडलेले.

म्हणून मी काय केलं माहितीय? ड्रायव्हरसाहेबांची फेरी या आठवड्यात तुमच्याकडूनच जाते. त्यांना सांगितलंय, ट्रक थेट भावोजींच्या दुकानापाशी उभा करा, चहा घ्या आणि त्यांना नीट समजावून सांगा. तुला आधी सांगणार नव्हते, पण पोटात गोष्ट राहते का माझ्या? बघ, आता घरात सगळं परत पहिल्यासारखं होईल.

तुझी लाडकी,
छोटी

२१ मार्च

ताई,

तुझं सतरा तारखेचं पत्र आत्ता हातात पडलं.

मी लगेच ह्यांना फोन लावला. म्हणाले, "काल संध्याकाळीच भेटलो. एवढे खूश झाले भावोजी! परत परत विचारत होते, नक्की ना, हात लावला तरी काही नाही ना? मला सोडायला ट्रकपर्यंत आले. माझा हात किती वेळ हातातच धरून ठेवला होता."

मी किंचाळले. ह्यांना कळेना काय झालं. ट्रक वळवलाय त्यांनी. पण माल भरलेला, रस्ता घाटाचा. कारखान्यात फोन केला तर कोणी उचलत नाही. तुमच्या पोलीस चौकीचा नंबर मिळवला, तिथला माणूस म्हणतो नवरा-बायकोचं आहे ना, बघतो.

हे पत्र तुला उशिरा मिळेल ते मला ठाऊक आहे. पण हात स्वस्थ बसत नाहीत. ताई, घरातून नीघ. जशी असशील तशी नीघ.

छोटी

९ एप्रिल

छोटे,

मी आहे. आधी हे वाच आणि पाणी पी.

ड्रायव्हरसाहेबांनी तुला सांगितलं असेलच, पण सगळं माझ्या तोंडून ऐक. नर्सने उशी पाठीशी लावून दिलीय. दाराबाहेर एक पोलीसबाई बसते. पाय दुखतात म्हणून चपला काढून बसते. चांगली आहे.

त्या संध्याकाळी तो आला तो गप्पच. जेवला, झोपला. सकाळी दाढी केली, अंघोळ केली. मला म्हणाला, "शर्टाला इस्त्री कर." मी करत होते. तो खाटेवर बसून बघत होता. सासूबाई खिडकीपाशी केस विंचरत होत्या. शर्ट झाल्यावर मी लांबून खुर्चीवर टाकला. तो म्हणाला, "हातात दे."

म्हटलं, "लांब राहायचंय ना."

तो उठला, सावकाश आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी हळू. मग तो हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून पाहिला. "काळा नाही पडला की," म्हणाला, आणि हसला. "माझ्याच घरात मला कुत्रं केलंस. भिंतीला चिकटून चालायला लावलंस."

पहिली मूठ टाक्यांवरच बसली. नेम धरून मारली त्याने, छोटे. आत काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. मी खाली पडले. त्याने केस धरून मला मोरीपर्यंत ओढलं. लाथ त्याच जागी, परत परत. म्हणत होता, "कुठंय तुझं सोनं? काढू का बाहेर?" साडी भिजली ते पाणी असेल असं वाटलं मला. गरम होतं.

सासूबाई मध्ये आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "अरे, टाके! तिचे टाके!" असं ओरडत त्यांनी त्याचा दंड धरला. त्याने झटकलं. त्या बाई आहेत केवढ्या, मुठीएवढ्या. मोरीच्या कट्ट्यावर कमरेवर आदळल्या. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो.

तेवढ्यात मी उठले. कशी उठले विचारू नकोस. तो आईवर वाकला होता, तिच्या गळ्याशी हात नेले होते त्याने. तिलाही मारून टाकणार असं मला वाटलं. इस्त्री टेबलावर होती, जुनी, जड. मी ती उचलली आणि डोक्यात घातली. तो पडेपर्यंत.

दोन दिवसांनी तो इथेच, हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, संपला.

सासूबाईंनी पोलिसांना सगळं असंच सांगितलं. "माझा गळा धरला होता त्याने, सुनेने मला वाचवलं." डॉक्टरीणबाईंनी माझ्या बरगड्यांच्या जुन्या फोटोंसकट लेखी दिलं. पोलिसांचे मोठे साहेब आले होते. म्हणाले, कोर्टात यावं लागेल, पण घाबरू नका.

मला परत उघडून शिवलं. जाळीचा एक कोपरा फाटला होता, बाकी जागच्या जागी आहे. सर्जननी या वेळी शिट्टी वाजवली नाही. टाके घालून झाल्यावर ते खोलीबाहेर गेले आणि भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. नीट जेव.

ताई

१६ एप्रिल

ताई,

दोष देऊ नकोस म्हणतेस. कोणाला देऊ मग? तू तुझ्याभोवती एक भिंत बांधली होतीस आणि मी प्रेमाने जाऊन ती पाडली. ह्यांना जेवण जात नाही. मध्येच म्हणतात, "मी त्याचा चहा प्यालो गं." घरातले खुळखुळे मी सगळे माळ्यावर टाकलेत. आवाज सहन होत नाही.

तो मेला याचं मला दुःख नाही. देवासमोर उभी राहून हेच सांगेन.

पण ताई, एक विचारते. विचारू नये असं हे म्हणाले, तरी विचारते. त्याला रुग्णवाहिकेत ठेवत होते तेवढ्यात हे पोचले, हात लावायला होते. म्हणाले, घाव सगळे मागच्या बाजूला होते, आणि एक नव्हता. आणि त्याच्या उजव्या हातात तुझ्या सासूबाईंच्या पदराचा फाटून आलेला तुकडा होता, घट्ट धरलेला. तो तुकडा रक्त पुसावं तसा चुरगाळलेला होता. गळा धरणाऱ्याच्या हातात पदर कसा? मी ह्यांना गप्प केलं. पुन्हा हे तोंडातून काढलंत तर मी घर सोडीन म्हणाले. ते कोणाला सांगणार नाहीत.

तू मला लहानपणापासून सगळं गोड करून सांगत आलीस. औषध साखरेत घालून द्यायचीस. आता नको. मी आई होणार आहे. मला खरं सांग, नाहीतर सांगू नकोस, पण खोटं लिहू नकोस.

तुझी, काही झालं तरी तुझीच,
छोटी

२ मे

छोटे,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला घेतलं की पहिल्या ओळीवरच हात थांबायचा. आता लिहिते. हे पत्र ठेव किंवा फाड, तुझी मर्जी.

त्याने आईचा गळा धरला नव्हता.

त्या पडल्या आणि हलेनात. ते बघून तो एकदम थांबला. माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला. त्यांच्या मानेखाली हात घालून डोकं उचलत होता. त्यांच्या कपाळाला खोक पडली होती, ती त्यांच्याच पदराने पुसत होता. "आई, ए आई, बघ ना," म्हणत होता. लहान मुलासारखा आवाज झाला होता त्याचा. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं, त्याला तो नाहीच.

दार उघडं होतं. मी बाहेर जाऊ शकले असते. गल्लीत माणसं होती. हे मला तेव्हासुद्धा कळत होतं, छोटे. डोकं फिरलं होतं, भान नव्हतं, असं काही नाही. उलट डोकं इतकं स्वच्छ होतं की टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर मी आधी भिंतीतून काढली आणि मग इस्त्री उचलली. अडकू नये म्हणून. पहिल्या घावाला तो मागे वळून बघायला लागला. मी त्याला वळू दिलं नाही. नंतरचे घाव मी मोजले नाहीत.

मी थांबले तेव्हा सासूबाईंचे डोळे उघडे होते. त्या सगळं बघत होत्या. कधीपासून, मला माहीत नाही.

पोलीस आले तेव्हा मी खरं सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण त्या जमिनीवरून, हाड मोडलेलं असताना, खणखणीत आवाजात बोलल्या, "साहेब, आधी माझं ऐका. माझा गळा धरला होता त्याने." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

परवा मला चालायची परवानगी मिळाली. त्या खालच्या मजल्यावर, हाडांच्या वॉर्डात. पोलीसबाई आता येत नाही. मी काठी टेकत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी कडेला उभी राहिले.

मग म्हटलं, "आई, तुम्ही असं का सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तू सुटावीस म्हणून नाही."

"मग?"

"त्याच्या बापाने माझा खांदा मोडला होता. माझ्या सासूने गावभर सांगितलं, गोठ्यात पडली. ती दारातच उभी होती, सगळं बघत. मी तिचं तोंड मरेपर्यंत विसरले नाही." थोडा वेळ श्वास घेतला. "आणि मग मी पण तेच केलं. तू कारखान्यात बर्फावर पडलीस असं सांगायचीस, मी शेजारणींना तेच सांगायचे. एक वेळ तरी उलटं सांगून बघावं म्हटलं."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी पाय ओढून घेतला. मोडल्या हाडासकट. कळ आली असणार, पण तोंडातून आवाज नाही.

"पाया पडू नकोस," त्या म्हणाल्या. "तो माझा मुलगा होता. कसा होता मला माहीत आहे, तुझ्या आधीपासून माहीत आहे. पण त्या वेळी तो मारत नव्हता. त्या वेळी तो मला आई म्हणत होता. शेवटचं. तू ते ऐकलंस आणि तरी घातलीस."

"हो," मी म्हटलं.

"ते मी पोलिसांना दिलं नाही, कोर्टालाही देणार नाही. ते माझं आहे." मग म्हणाल्या, "आता जा. मला तुझं तोंड बघवत नाही."

मी पडदा ओढून बाहेर आले. वर जायला लिफ्टपर्यंत गेले सुद्धा. पण त्यांच्या उशाशी पाणी नव्हतं ते डोळ्यांपुढून जाईना. परत आले, नळावरून तांब्या भरून आणला आणि पडद्याच्या फटीतून हात घालून ठेवला. मग तिथेच, पडद्याबाहेरच्या बाकावर बसले. कशासाठी बसले, मलाही सांगता येणार नाही. वर माझी खाट रिकामी होती, औषधाची वेळ झाली होती. मी बसून राहिले. आतून तांब्याचा आवाज आला. पाणी प्यायल्या.

संध्याकाळी नवीन नर्स आली. तिने आत जाऊन विचारलं, "आजी, तुमच्याजवळ कोण आहे? घरचं कोणी नाही का?"

मी उठून निघणार होते.

मग त्या म्हणाल्या, "आहे की. बाहेर बसलीय बघ बाकावर. माझी सून आहे ती."

तुझी,
ताई